एकदा म्हटलेला तलाक आणि संध्याकाळची गाडी

सलाम, नमस्कार. या वेळी पेटीत जी पत्रं आली त्यांतली बरीचशी एकाच दुखण्याची. म्हणून भाडेकरू आणि सातबाराचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले आहेत, रागावू नका. नव्या वाचकांसाठी सांगते: मी भुसावळची, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली, अठ्ठावीस वर्षं जळगावच्या कोर्टात वकिली करते. मी मुफ्ती नाही. फतवा हवा असेल तर मुफ्तीसाहेबांकडेच जा. मी सांगते ते कायद्याचं, आणि शरीयतीतलं जेवढं अशा प्रकरणांत पुन्हा पुन्हा वाचावं लागलं तेवढं.

पत्र पहिलं, रावेर तालुका

‘आपा, सलाम. मी केळीच्या गाड्या भरणाऱ्या टोळीचा मुकादम. धाकट्या बहिणीचं लग्न चार वर्षांपूर्वी यावल तालुक्यात झालं, दोन वर्षांचा मुलगा आहे. जावई सुरतला कामाला होता. १४ ऑगस्टला फोनवर भांडण झालं आणि तो तिला एकदा म्हणाला, “मैंने तुझे तलाक दिया.” त्याच संध्याकाळी मी गाडी घेऊन गेलो आणि बहीण-भाच्याला घेऊन आलो. १९ ऑक्टोबरला जावई, त्याची आई आणि मामू आमच्या दारात आले. अंगणातच चार लोकांसमोर म्हणाला, मी रुजू करतो, हिला न्यायला आलो. मी हाकलून दिलं. आता कुणी म्हणतं तलाक झाला, कुणी म्हणतं हलाला लागेल, कुणी म्हणतं तीन महिने तेरा दिवस व्हायचे आहेत. आम्ही तिला पाठवायचं नाही असं ठरवलंय. आमच्या इज्जतीचा प्रश्न आहे. शरीयत काय म्हणते ते लिहा. २७ ऑक्टोबर.’

भाऊ, तुमच्या पत्रात तारखा आहेत त्याबद्दल आधी शाबासकी. माझ्यासमोर येऊन बसणारे दहापैकी आठ जण सांगतात ‘बकरी ईदच्या आसपास’, ‘कापूस वेचणी सुरू होती तेव्हा’. तलाकच्या प्रकरणात तारीख नसली की मौलानाही अडकतात आणि वकीलही.

हलाल्याचं, म्हणजे मधे दुसऱ्या पुरुषाशी निकाह करण्याचं, आधी बाजूला काढू. तो शब्द तुमच्या घरात कुणी आणला त्याला चहा पाजून घरी पाठवा. जावयानं एकदा म्हटलंय. कुरआनातल्या सूरा बकराची २२९वी आयत सांगते की तलाक दोनदा आहे. त्यानंतर एक तर भलेपणानं नांदवायचं, नाही तर भलेपणानं सोडायचं. म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या तलाकनंतर परतीची वाट आहे. दुसऱ्या पुरुषाशी लग्न होऊन, ते खरोखर नांदून, मग कधी मोडलं तरच पहिल्याशी निकाह, ही अट २३०व्या आयतीत येते आणि ती तिसऱ्या तलाकनंतरची आहे. एकाचे तीन कुणी केले? गल्लीनं.

फोनवर म्हटला, रागात म्हटला, बायको समोर नव्हती, यानं शरीयतीच्या नजरेत फरक पडत नाही. राग हा बहाणा झाला तर तलाक कधीच पडणार नाही. लाडात येऊन तलाक देणारा मी अजून पाहिलेला नाही. म्हणून एक पडला असं धरून चालू. याला तलाक-ए-रजई म्हणतात, परत घेता येणारा. इद्दत, म्हणजे तलाकनंतर बाईनं थांबायचा काळ, चालू आहे तोवर नवरा रुजू करू शकतो, म्हणजे तलाक परत घेऊ शकतो. त्यासाठी नवा निकाह नको, नवा महर (नवऱ्यानं बायकोला निकाहात द्यायची रक्कम) नको, काजी नको. तोंडानं म्हटलं तरी होतो. सुन्नींमधल्या हनफी पंथाच्या मतानुसार नवरा-बायकोसारखं वागलं तरी होतो. दोन साक्षीदार ठेवावेत असं सूरा तलाकच्या दुसऱ्या आयतीत आहे. हनफी लोक ते सक्तीचं नाही, चांगलं मानतात. मी म्हणते ठेवाच.

आता तुमच्या डोक्यात गोंधळ आहे तो इद्दतीचा. तीन महिने तेरा दिवस हे आपल्याकडे आजीपासून नातीपर्यंत पाठ आहे. कुरआनात ते कुठेही नाही. पाळी येणाऱ्या बाईची इद्दत तीन ‘कुरू’, हनफी अर्थानं तीन पाळ्या. पाळी गेलेल्या किंवा अजून न आलेल्या बाईला तीन महिने. गरोदर असेल तर बाळंत होईपर्यंत, मग ते उद्या होवो की आठ महिन्यांनी. तेरा दिवस कुठून चिकटले देव जाणे.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर भिंतीवरच्या कॅलेंडरात सापडायचं नाही. १४ ऑगस्ट ते १९ ऑक्टोबर हे ६६ दिवस होतात. एवढ्यात तीन पाळ्या पूर्ण झाल्या असतील किंवा नसतीलही. भाचा दोन वर्षांचा, अंगावर पीत असेल तर पाळी लांबलेली असू शकते. हे फक्त तुमची बहीणच सांगू शकते आणि याबाबतीत शरीयत तिचाच शब्द धरते. तुम्ही विचारू नका, ती लाजेल; तुमच्या बायकोला विचारायला सांगा. १९ ऑक्टोबरला तिसरी पाळी संपली नव्हती, तर जावयानं अंगणात उभं राहून म्हटलं तेव्हाच रुजू झाला. तुम्ही दार लावलं, त्यानं काही फरक पडला नाही. ती आजही त्याची बायको आहे, आणि तुम्ही दुसऱ्याच्या बायकोचं पुढचं स्थळ बघत असाल तर ते थांबवा. तिसरी पाळी आधीच संपली होती, तर मात्र तो उशिरा आला. मग ती मोकळी आहे. दोघांना हवं असेल तर नवा निकाह, नवा महर, तिची स्पष्ट हो. हलाला तेव्हाही नाही.

दोन्ही वाटांवर एक गोष्ट जावयाच्या कानावर घाला. एक तलाक खर्च झाला, दोन उरले. पुन्हा संसार सुरू झाला म्हणून पाटी कोरी होत नाही.

इथवर हिशेब झाला. पण तुमचं पत्र मी तीनदा वाचलं ते दुसऱ्याच कारणानं. दोन पानांत जावई बोलतो, मामू बोलतो, गल्ली बोलते, तुम्ही बोलता. बहीण एकदाही बोलत नाही. तिला जायचंय का?

तुमच्यासारखाच एक भाऊ होता, पैगंबरसाहेबांच्या काळात. माकिल बिन यसार त्यांचं नाव. बहिणीच्या नवऱ्यानं तलाक दिला, इद्दत संपू दिली आणि मग पुन्हा मागणी घालायला आला. माकिल भडकले. तुला माझी बहीण दिली, मान दिला, तू तिला सोडलंस, आता ती तुला कधीच मिळणार नाही, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. बहिणीला मात्र जायचं होतं. तेव्हा सूरा बकराची २३२वी आयत आली: दोघं रीतीप्रमाणे राजी असतील तर बायकांना त्यांच्या नवऱ्यांशी निकाह करण्यापासून अडवू नका. बुखारी शरीफ या हदीसच्या ग्रंथात हा प्रसंग आहे. माकिलनी शपथ मोडली आणि बहीण दिली. त्यांचाही प्रश्न इज्जतीचाच होता, भाऊ.

आणि ती ‘नाही’ म्हणाली तर? मग तेही ऐका. रुजूचा हक्क नवऱ्याला दिलाय खरा, पण २२८व्या आयतीत त्याला ‘सुधारणा करायची इच्छा असेल तर’ अशी अट आहे, आणि २३१व्या आयतीत त्रास द्यायला अडकवून ठेवू नका असं बजावलंय. मारहाण होत असेल, सुरतहून पैसा येत नसेल, तर रुजू झाला म्हणून तिला गाडीत कोंबून पाठवायची गरज नाही. तिच्यासाठी २००५चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, पोटगी आहे, खुला, म्हणजे बायकोनं मागून घेतलेली फारकत, आहे.

आता थोडं तुमच्याबद्दल. ‘त्याच संध्याकाळी मी गाडी घेऊन गेलो.’ हे वाक्य मी अठ्ठावीस वर्षं ऐकतेय. फैजपूर, सावदा, चोपडा, एरंडोल, कुठूनही पक्षकार येवो, तलाकचा शब्द दुपारी निघतो आणि दिवेलागणीला माहेरची गाडी दारात. भावाचं काळीज असतं, कळतं मला. पण सूरा तलाकची पहिलीच आयत नवऱ्यांना सांगते की इद्दतीत त्यांना घरातून काढू नका, आणि बायकांनीही निघून जाऊ नये. पुढे कारणही येतं, कदाचित यानंतर अल्लाह काही नवी गोष्ट घडवून आणील. रजई तलाकात ती बायको त्याच घरात राहते, त्याच्याच खर्चानं जेवते. त्याच्यासमोर पडदा नाही. हनफी फिक्ह, म्हणजे धर्मशास्त्र, तर म्हणतो तिनं नटावं, सजावं. एवढ्यात दोघांपैकी एक मेलं तर दुसऱ्याला वारसा मिळतो. तीन पाळ्यांचा सगळा काळ एका छपराखाली, रोज एकमेकांचं तोंड बघत, याचसाठी ठेवलाय. आपण ती बाई उचलून पन्नास किलोमीटरवर आणतो, मग म्हणतो समेट होत नाही. जिवाला धोका असेल तर आणलीच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण फोनवरच्या एका भांडणाला?

कायद्याचं थोडक्यात. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद पूर्णपीठानं २००२ साली दगडू पठाण खटल्यात आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं शमीम आरा खटल्यात सांगितलं की नुसतं ‘मी तलाक दिला’ म्हणून भागत नाही. त्याला वाजवी कारण हवं, आणि आधी दोन्हीकडचा एकेक मध्यस्थ बसवून समेटाचा प्रयत्न झालेला हवा. हे मध्यस्थ कोर्टानं शोधलेले नाहीत, सूरा निसाच्या ३५व्या आयतीतले आहेत. तेव्हा हा सुरतेचा फोन कोर्टात तलाक म्हणून टिकणं अवघड आहे.

म्हणून, तुमच्याकडून तुम्ही सोडून दुसरं कुणी तरी थंड डोक्याचं माणूस, त्यांच्याकडून मामू. सुरतला खोली घेऊन तिला सोबत नेणार का, खर्चाला दरमहा किती, फोन कुणाकडे राहणार, हे बोला. ठरलं तर साध्या कागदावर लिहा: तलाकची तारीख, रुजूची तारीख, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. आणि महर बाकी असेल तर तेही त्याच कागदावर.

पत्र दुसरं, शिरपूर

‘मॅडम, मी रागाच्या भरात बायकोला व्हॉट्सॲपवर तीनदा तलाक लिहून पाठवला. दुसऱ्या दिवशी मेसेज डिलीट केला. आम्हाला दोघांनाही एकत्र राहायचंय. एक जण हलाल्याची “व्यवस्था” करतो म्हणाला. पोलीस पकडतील का?’

मेसेज डिलीट करून उपयोग काय, तिनं वाचलाय ना?

सर्वोच्च न्यायालयानं २२ ऑगस्ट २०१७ रोजी, शायरा बानो खटल्यात, तीन विरुद्ध दोन मतांनी एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरवला. मग २०१९चा कायदा आला. तोंडी, लेखी, मोबाइलवर, कसाही दिला तरी असा तलाक शून्य आणि देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. तेव्हा कायद्याच्या नजरेत तुमचं लग्न मोडलेलंच नाही, आणि गुन्हा मात्र झाला आहे. ही विचित्र गाठ मी पक्षकारांना समजावून समजावून थकले. तक्रार मात्र बायको किंवा तिचं रक्ताचं अथवा लग्नानं झालेलं नातेवाईकच करू शकतं, शेजारी नाही. तक्रार झालीच तर बायकोच्या पुढाकारानं, न्यायदंडाधिकाऱ्यांच्या परवानगीनं, ती मिटवता येते. आणि हो, हा कायदा फक्त झटपट, परत न घेता येणाऱ्या तलाकापुरता आहे. एकदा म्हणून इद्दत जाऊ देणं, म्हणजे तलाक-ए-अहसन, त्यात येत नाही. एप्रिल २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठानं अशाच कारणानं एक गुन्हा रद्द केला.

शरीयतीचं उत्तर तुम्ही कुठल्या मसलकचे, म्हणजे पंथाचे, त्यावर आहे आणि इथे मी गोड बोलणार नाही. बहुतेक हनफी मुफ्ती सांगतील तीन पडले, वाट बंद. अहले हदीस आलिम सांगतील एका बैठकीतले तीन म्हणजे एकच, इद्दतीत रुजू करा. त्यांचा आधार सहीह मुस्लिम या हदीसच्या ग्रंथातली इब्ने अब्बास यांनी सांगितलेली रिवायत आहे: पैगंबरसाहेबांच्या, अबू बकर यांच्या काळात आणि उमर यांच्या खिलाफतीच्या पहिल्या दोन वर्षांत असे तीन एकच धरत, लोक घाई करू लागले म्हणून उमर यांनी ते तीनच लागू केले. शिया फिक्हात तर दोन साक्षीदारांशिवाय तलाक होतच नाही. तुम्हा दोघांच्या मनाला काय पटतं ते तुम्ही आणि तुमच्या आलिमांनी ठरवा. मी एवढंच सांगते की कायदा तुम्हाला एकत्र राहण्यापासून अडवत नाही.

आणि ती ‘व्यवस्था’. ठरवून, रात्रीपुरता, मोकळं करून देण्याच्या बोलीवर केलेला निकाह करणाऱ्यावर आणि ज्याच्यासाठी केला त्यावर, दोघांवर पैगंबरसाहेबांनी लानत पाठवली आहे. हदीस स्पष्ट आहे, तिरमिझीत आहे. चूक तुमची, बोटं तुमची, आणि भोगायचं तिनं? तो माणूस पुन्हा आला तर मला फोन लावा.

पत्र तिसरं, धुळे

‘ताई, नऊ वर्षं झाली. नवरा तीन वर्षांपासून घरखर्च देत नाही, तलाकही देत नाही. म्हणतो, महर सोड आणि मंगळसूत्र-पाटल्या परत दे, मग खुला देतो. सासू म्हणते, “जे व्हयनं ते व्हयनं, आते गप बस.” मी लूमवर जाऊन पोरी वाढवते. खुला घेतला तर पुन्हा कधी परत जाता येईल का?’

ताई, घाई करून महर सोडू नका. हे आधी वाचा.

खुला हा तुमचा हक्क आहे. साबित बिन कैस यांच्या बायकोनं पैगंबरसाहेबांना सांगितलं की त्यांच्या चालीत किंवा दीनात मला खोट दिसत नाही, पण मला राहवत नाही. त्यांनी विचारलं, त्यानं दिलेली बाग परत देशील? ती हो म्हणाली, आणि सुटली. पण बघा, तिथे नवऱ्याचा दोष नव्हता. तुमच्याकडे दोष उघडा आहे. नवराच चुकत असेल तर त्यानं मोबदला घेणं हनफी फिक्हातही वाईट मानलंय; तुम्ही ढीगभर दिलं असलं तरी परत घेऊ नका, हे सूरा निसात आहेच.

तुमच्यासाठी दुसरी वाट १९३९च्या कायद्याची. मुस्लिम बाईला कोर्टातून लग्न मोडून मिळण्याची कारणं त्यात दिली आहेत: नवरा चार वर्षं बेपत्ता, दोन वर्षं पोटगी नाही, सात वर्षं कैद, क्रूरपणा वगैरे. तुमची तीन वर्षं झाली. आणि याच कायद्याचं पाचवं कलम सांगतं की असं लग्न मोडलं तरी महरावरचा हक्क जात नाही. नवरा जे विकत मागतोय ते कोर्ट तुम्हाला फुकट देऊ शकतं. कुणी म्हणेल हा सरकारी कायदा, शरीयतीचा नाही. त्याला सांगा, यातली पोटगी आणि बेपत्ता नवऱ्याची वाट मौलाना अशरफ अली थानवींसारख्या कट्टर हनफी आलिमांनी मालिकी मताचा आधार घेऊन मोकळी केली, तेव्हा कुठे कायदा झाला.

लूमवरचा पगार, पोरींची शाळेची फी, दुकानाची उधारी, जे काही कागद आहेत ते एका पिशवीत घाला. दरम्यान पोटगीचा अर्ज करा, जुनं १२५ कलम, आता नव्या संहितेचं १४४. तलाक झाल्यावरही मुस्लिम बाईला तो मागता येतो, हे सर्वोच्च न्यायालयानं १० जुलै २०२४ रोजी पुन्हा एकदा सांगितलं.

परत जाण्याचं विचारलंत. हनफी मतात खुला म्हणजे बाइन तलाक: नवरा एकट्याच्या मर्जीनं रुजू करू शकत नाही. दोघं राजी झाले तर नव्या महरानं नवा निकाह होतो, इद्दतीतही आणि नंतरही. किल्ली तुमच्या हातात राहते. हे तुम्ही विचारलंत याचा अर्थ मी लावत बसत नाही.

पत्र चौथं, अमळनेर

‘मी निवृत्त शिक्षिका. शेजारच्या मुस्लिम घरातल्या सुनेला तलाक मिळाला म्हणे, पण ती अजून तिथेच राहते आणि सासू तिला ताट वाढते! हे कसं? आणि ती इद्दतीत आहे, तर मी भेटायला गेलेलं चालेल का?’

बाई, तुम्ही रावेरच्या भावाला शेजारी म्हणून लाभायला हव्या होत्या. वर लिहिलंय ना, तसंच ते घर चाललंय. तलाक रजई असणार आणि त्या सासूला कुणी तरी नीट समजावलेलं असणार. इद्दत म्हणजे कोंडून ठेवणं नव्हे. दवाखाना, कोर्ट, जरुरीचं काम यासाठी ती बाहेर पडू शकते, आणि बायका भेटायला आल्या तर काहीच अडचण नाही. जा. थंडी पडलीय, वांग्याचं भरीत न्या, दोन माणसांना पुरेल एवढं. फक्त कितवा महिना चाललाय ते विचारू नका, आणि तिचा नवरा घरी असेल तर लवकर उठा.